मिटलेली तोंडं

तेलीबांध्याच्या तलावाकाठी ती भर उन्हात भुट्टे भाजायची. सारखी ओठांवरून जीभ फिरवायची, पण बाटलीला तोंड लावत नसे. बायकांना मोकळं व्हायला आसपास जागाच नव्हती.

कमी पाण्यात मका कसा तगतो, याच्या चाचण्यांवर मी काम करतो. एकदा तिला सांगितलं, पाणी तुटलं की मक्याच्या आत एक संप्रेरक वाढतं, पानं आपली बारीक तोंडं मिटतात आणि रोप तग धरतं.

"माह्यासारखंच," ती हसली. मग निखाऱ्यांवर हलणारा हातपंखा थांबवून हळूच म्हणाली, "अन् रोजच मिटून ठेवलं, तर आतून काय होते, भैया?"

रोज तोंडं मिटलेलं पान बाहेरून हिरवंच दिसतं आणि आत तापत जातं. तिचे फुटलेले ओठ पाहून मी बाटली तिच्यापुढे सरकवली.

तिने बाटली उचलली आणि सगळं पाणी सुकत चाललेल्या भुट्ट्यांवर शिंपडलं.