टेपबाईची कडी

बाई कुलूप काढायच्या, पण दार लगेच ढकलायच्या नाहीत. आधी कडी दोनदा वाजवायच्या, मग पदर सावरून थोडं थांबायच्या. जणू आत कुणाची सून-लेक बसली आहे आणि तिला उठायला वेळ द्यायचा आहे. आत कोण असणार? जुनी जाती, उखळं, पितळेचे गुंड, घोंगड्या, फोटो, आणि कपाटभर कॅसेटी. उदगीरच्या गल्लीतल्या दोन भाड्याच्या खोल्या. बाहेर पत्र्याची पाटी, तिच्यावर 'वस्तुसंग्रहालय'. त्या पाटीला कुणी विचारत नव्हतं. लोक म्हणायचे टेपबाईचं म्युझियम.

"बाई, आत कुणी न्हाई. कडी कामून वाजवता?" मी पहिल्या दिवशीच विचारलं.

"न्हाई कसं? एवढ्या बायांचा संसार हाय आत. तुझ्या घरात कुणी न सांगता घुसलं तर चालंल का?"

मला वाटलं, म्हातारी फिरली आहे. पण भाडं रोख देत होती. माझा टेम्पो होता. खेड्यापाड्यातून जाती, मुसळं आणायची असली की मला बोलवायची. मी चौथी शिकलेला माणूस, मला त्या दगडांत काय दिसणार? बाई शाळेत मास्तरीण होत्या. नवरा लवकर गेला, लेकरू नाही. नोकरी संपल्यावर बायांच्या ओव्या टेप करायचं हे वेड लागलं. स्वभाव तिखट. चहा पाजायला हात आखडता, आणि जातं उतरवताना जरा आपटलं की आईबाप काढायची. डांबरगोळीचा वास तिच्या लुगड्यालाच नाही, बोलण्यालासुद्धा यायचा म्हणा.

एकदा किल्लारीकडं गेलो होतो. भूकंपानंतर वसवलेलं गाव, सरळ रेषेतली घरं. तिथं एका म्हातारीकडं ढिगाऱ्यातून काढलेलं जातं होतं. बाईंना ते पाहिजे होतं. म्हातारी देईना. दुपार गेली. शेवटी ती म्हणाली, "वरची तळी न्या. खालची न्हाई देणार."

"का गं माय?"

"खालच्या तळीपाशी सासू बसती माझी. त्या दिवशी ती दळायलाच उठली होती."

मी मान फिरवली. अर्धं जातं घेऊन काय करायचं, नुसत्या वरच्या दगडाला कोण बघणार, असं माझ्या मनात आलं. बाईंनी मात्र म्हातारीच्या हाताला हात लावला आणि वरची तळी तेवढी टेम्पोत घातली. पुढं कुणी पाहुणा हसला की बाई म्हणायच्या, "उरलेलं अर्धं तिच्या घरी हाय. माझं म्युझियम तिथपर्यंत हाय, समजलं?"

संध्याकाळी बंद करायच्या आधी एक कॅसेट लावायची, हा दुसरा नेम. ऐकायला कुणी नसलं तरी लावायची. मरून गेलेल्या बायांचे आवाज त्या भरलेल्या खोलीत फिरायचे. मी म्हणायचो, "बाई, मेलेल्यांला कामून त्रास देता?" त्या म्हणायच्या, "फीत वाजवली न्हाई की चिकटती. बुरशी येती." असेल. पण मग गाणं चालू असताना हातातलं फडकं खाली ठेवून उभ्या का राहायच्या?

कॅसेटी गावाच्या नावानं लावलेल्या. गाव गाणाऱ्या बाईचं माहेरचं, सासरचं नाही. त्यावर एकदा एका नवऱ्यानं भांडण काढलं. बाईंनी त्याला दारातच धरलं. "ओवी माहेरची असती रे. तुझ्या घरी येताना पदरात बांधून आणलेली. तू काय दिलं? नाव बदलून दिलं!"

माझी बायको सरस्वती या टेपबाईवर फार खार खायची. "जा, जा. तुमची मास्तरीण वाट बघून राहिली असंल. परक्या बायांची जाती उचलता, घरची कळशी कधी उचलली न्हाई." मी हसायचो. ती पण तोंड वळवून हसायची.

ती गेल्या पोळ्यानंतर गेली. ताप आला, दवाखाना झाला, संपलं. तेराव्याला बाई आल्या. काठी टेकत, धापा टाकत. मला म्हणाल्या, "मारोती, तुझ्या बायकोची एक टेप हाय माझ्याकडं. तू हळदीच्या भाड्याला नांदेडला गेला होतास, तवा गायली होती. तुला सांगू नको म्हणाली. आता ये आणि ऐक."

मी गेलो नाही. आवाज ऐकला असता तर घरातली शांतता जास्तच मोठी झाली असती. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत राहिलो. आणि थंडीत बाईच गेल्या.

खोल्या रिकाम्या करायला त्यांचा भाचा नांदेडहून आला. पोरगा भला होता. म्हणाला, "काका, कपाट घेऊन चाललोय. ज्या टेप वाजतील त्या कॉम्प्युटरवर घालणार. बाकीचं काही सांगता येत नाही."

"त्याच्यात माझ्या बायकोची हाय. सरस्वती नाव तिचं."

त्यानं सगळं कपाट उचकलं. सरस्वत्या निघाल्या, पण दुसऱ्यांच्या. एक निलंग्याकडची, एक किनवटकडची. मी दोन्ही ऐकल्या. माझी नव्हती. "आत्याचं वय झालं होतं काका. धीर द्यायला बोलली असेल." त्यानं डबे बांधायला घेतले. खाली जीप उभी होती.

मी त्या अर्ध्या जात्यावर बसलो. बसायचं नसतं, बाईंनी हाणलं असतं. तिथं बसल्यावर त्यांचं ते भांडण आठवलं. तू काय दिलं? नाव बदलून दिलं. आणि लग्नातलं ताट डोळ्यापुढं आलं. तांदूळ पसरलेले, माझ्या हातात अंगठी, आणि भटजी सांगतोय तसं मी गिरवून राहिलो, सरस्वती. त्याच्या आधी तिचा भाऊ तिला हाक मारायचा. दुरपे, ए दुरपे.

"देगलूरकडचा डबा सोड, तिच्या माहेरचा," मी म्हटलं. "दुरपदा बघ."

निघाली. फीत ढिली झाली होती. त्यानं पेन्सिल घालून गुंडाळली, बाई घालायच्या तशी. मशीन खरखरलं. आधी टेपबाईच बोलल्या.

"नाव सांग माय."

"सरस्वती."

"ते नवऱ्यानं ठेवलेलं. आईबापानं काय ठेवलं होतं?"

ती हसली. "दुरपदा. लई दिसांनी तोंडात आलं बघा."

मग गायली.

पिठाच्या ग पाटीवर, ऊन उतरलं बाई
गाव मागं राहिलं, पाय मागं वळं न्हाई

गाणं संपलं, पण टेपबाई मशीन बंद करायच्या नाहीत. गाणं संपल्यावरच माणूस बोलतं, म्हणायच्या. मी कान लावून बसलो.

"झालं का बाई? उठते. ते येतील आता. भाकरी गरम लागती त्यांना."

"बस गं. आला की कडी वाजवंल की."

"ते कुठं कडी वाजवतेत! सरळ आत येतेत." दोघी खळखळून हसल्या, आणि फीत संपली.

भाचा म्हणाला, "काका, ही घेऊन जा घरी." मी नको म्हटलं. बाईंच्या कपाटातून वस्तू घरी जात नव्हती. आणि ती त्या बायांत बसली होती, तिला कशाला उठवू? एवढंच म्हटलं, "नांदेडला रोज संध्याकाळी एक वाजव. कुणी नसलं तरी." तो हो म्हणाला.

जीप गेली. चालत घरी आलो. ऊन उतरलं होतं. कुलूप काढलं. दार ढकलायला हात लावला, आणि मागं घेतला.

कडी दोनदा वाजवली. थोडं थांबलो. मग आत गेलो.