न मारलेला ठोका

ठोकेमास्तरांचा अख्खा जन्म बँडमध्ये ड्रम बडवण्यात गेला. म्हातारपणी घरीही बडवाबडवी सुरू झाली, शेजारी कावले, तेव्हा लेकीने त्यांना इलेक्ट्रॉनिक ड्रम आणून दिला. रबरी पॅडवर मारायचं, स्पीकरचा आवाज हवा तेवढाच ठेवायचा. पण आठवड्यातच डाव्या बाजूचं पॅड हात न लावता वाजायला लागलं आणि मास्तर चक्रावले.

त्यांनी वायर बदलली. पॅड उघडून आतला सेन्सर पुसला. मग शेजारचं पॅड काढून तिथे लावलं, तर तेही त्या जागेवर गेल्यावर आपोआप वाजू लागलं! आणि मास्तर खोलीबाहेर गेले की यंत्र एकदम गप्प.

"मेल्याचं माझ्याशीच वैर आहे!" मास्तर करवादले.

बायको दारातून बघत होती. "अहो, जरा तुमच्या डाव्या पायाकडे बघा."

त्यांनी खाली पाहिलं. पाय आपला लाकडी जमिनीवर ताल धरून आपटत होता आणि प्रत्येक हादरा स्टँडमधून पॅडपर्यंत पोचत होता.

"हे कधीपासून?"

"लग्नापासून तरी बघतेय. जेवतानासुद्धा."

मास्तरांनी पाय आवरला. पॅड चिडीचूप झालं. खुशीत त्यांनी काठ्या उचलल्या, पाय जमिनीला घट्ट टेकवून ठेवला, आणि हात हवेतच राहिले. पहिला ठोका नेमका कधी मारायचा, हेच त्यांना कळेना.