जाहिराती वगळून

आमच्याकडचा व्हीसीआर दुबईच्या मामाने आणलेला होता आणि त्याचा रिमोट माझ्या ताब्यात असे. बाबांचा नियम एकच, आपल्या कॅसेटवर जाहिरात येता कामा नये. नव्या नव्या कंपन्या आल्या तसा टीव्हीवर साबण, तेल, शॅम्पू यांचा सुळसुळाट झाला होता. "लोकांचा माल खपवायला आपली टेप कामून वाया घालवायची?" असं ते म्हणत. म्हणून रेकॉर्डिंग चालू असलं की मी पॉजच्या बटणावर अंगठा ठेवून बसायची. जाहिरात आली की दाबायचं, संपली की पुन्हा दाबून टेप चालू करायची. कॉलेजात मी कशातच पहिली आले नाही, पण या कामात माझा हात धरणारं आमच्या चिक्कडपल्ली भागात कुणी नव्हतं. शेजारच्या तेलुगू काकू आमच्या कॅसेटी मागून नेत आणि म्हणत, जाहिरात कापल्याचा तुझा टाका कुठे दिसतच नाही. मला त्याचा गर्व होता.

त्या वर्षी नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या प्रदर्शनात, गोड्या तेलाच्या एका कंपनीने कॅमेरा लावला होता. येणाऱ्या बायकांनी आपापल्या भाषेत घरच्यांना जेवायला हाक मारायची. एक तेलुगूत बोलली, एक उर्दूत, एक कानडीत. मराठीला कुणी मिळेना, तेव्हा आई पुढे झाली. तिने पदर सारखा केला आणि रोज म्हणायची तेच म्हणाली, "चला रे, ताटं वाढलीत." कॅमेऱ्याजवळचा माणूस म्हणाला, "अगले म्हैने के पैले इतवार को सुबू के सिरियल में देखो, अम्मा." आपण सिरियलमध्ये येणार, असंच आईने धरलं, आणि आम्हीही.

त्या रविवारी आई नवी साडी नेसून टीव्हीसमोर बसली. काकू आल्या. बाबांनी कोरी कॅसेट उघडली. त्यांना हे फार हवं होतं. लग्नानंतर आईचा एक धड फोटो निघाला नव्हता, आणि आवाज तर कुठेच नव्हता.

सिरियल अर्धं झालं तरी आई दिसेना. मग तेलाच्या डब्याचं गाणं लागलं आणि माझ्या अंगठ्याने आपलं काम केलं. पाठोपाठ पडद्यावर आई आली. "चला रे, ताटं वाढलीत." काकूंनी टाळ्या वाजवल्या, बाबा चक्क उठून उभे राहिले, आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. पॉज मला आठवलाच नाही. सिरियल पुन्हा सुरू झालं तेव्हा सवयीने दाबला.

कॅसेट मागे घेऊन लावली. डब्याच्या गाण्याचा एक सूर आला आणि लगेच सिरियलमधली सासू रडायला लागली. टाका दिसत नव्हता. मला अंगठा छाटून टाकावासा वाटला. आई मात्र हसली. "लई हुशार पोरगी माझी. सगळा कचरा गाळता गाळता आईलाच गाळलं." मग माझं तोंड बघून म्हणाली, "लागंल की पुन्हा. एकदाच दाखवायला का एवढा खटाटोप केला त्यांनी?"

पुढच्या रविवारपासून आमच्या घरातला नियम उलटा झाला. सिरियल आलं की पॉज, जाहिराती तेवढ्या घ्यायच्या. आई शेजारी मेथी निवडत बसायची आणि तिचं तोंड सारखं चालू असायचं. शॅम्पूवाल्या मुलीचे भुरुभुरु उडणारे केस बघून म्हणायची, "हिला घरात कुणी तेल लावत नाही काय की." तीन तासांची कॅसेट भरत आली, तरी आई काही पुन्हा लागली नाही. मग त्याच तेलाची नवी जाहिरात आली. त्यात एक नटी सगळ्यांना जेवायला बोलवत होती.

पुढची नुमाइश लागायच्या आत आईला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ती गेली.

मी कंपनीला पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. बाबा कंपनीच्या आबिड्सच्या ऑफिसात तीनदा जाऊन आले. तिसऱ्या वेळी तिथे कंपनीची पाटीच नव्हती, कुरिअरवाल्याचं दुकान थाटलेलं होतं. मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही, आणि आता करून तरी काय होणार.

बाबा दर रविवारी ती जाहिरातींची कॅसेट लावून बसू लागले. पुढे पळवायची नाही, सगळी बघायची. मला वाटायचं, ते तिचा चेहरा शोधतात. शेवटी मी न राहवून म्हटलं, "बाबा, आई नाही त्यात."

"हौ, ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "पण ती इथंच बसली होती की. सारखी बोलत होती. मागं काहीतरी आलं असंल."

मी त्यांना समजावून सांगितलं की अँटेनातून येतं तेवढंच टेपवर उतरतं, खोलीतलं काही येत नाही. तिथे खाली बसून ती तीन तास बोलली असेल, तरी यंत्राला त्याचा पत्ता नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मानही हलवली. तेवढ्यात शॅम्पूची जाहिरात लागली. इथेच ती त्या मुलीच्या केसांना नावं ठेवायची, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं.

बाबांनी पुढे वाकून आवाज वाढवला.