सकाळी अडकणारं पिस्तूल

“इथे चालतं, दिगंबरराव. रेंजवर अडकतं,” विमलाबाई म्हणाल्या. सूर तक्रारीचा नव्हता. वर्गात हजेरी घ्यावी तसं सांगितलं.

आबिड्स भागातल्या एका बंदुकांच्या दुकानात मी दुरुस्तीचं काम करत असे. बाई तारनाक्याला राहत, कॉलेजात इतिहास शिकवत. पॉइंट टू टू बोअरचं ते जुनं पिस्तूल त्यांच्या मिस्टरांचं. ते गेल्यावर लायसन्स बाईंच्या नावावर झालं आणि चाळिशी उलटल्यावर बाई नेमबाजी शिकल्या. रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. वयाकडे बघता ही संधी पुन्हा मिळेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

दुखणी दोन होती. मॅगझिनमधलं काडतूस वर सरकून नळीत जातं, ते फीडिंग. झाडल्यावर रिकामी पुंगळी बाहेर उडते, ते इजेक्शन. पहिलं सोपं निघालं. मॅगझिनची स्प्रिंग दमली होती, त्यामुळे काडतूस नाक खाली घालून अडायचं. स्प्रिंग बदलली. पुंगळी मात्र रेंजवर बाहेर पडेना. दुकानामागे वाळूच्या पेटीत मी झाडून पाहिलं, तर एकूण एक पुंगळी टणकन बाहेर.

मालक हबीबभाई वैतागले. “क्या मियाँ, एकीच पिस्तौल लेके कब तक बैठते? बाई, नवा मंगा लो. अब तो सब बाहर से आ रा.”

परदेशी माल खरंच येत होता. टीव्ही, गाड्या, घड्याळं.

“पिस्तौल नहीं आता, हबीबभाई,” बाई म्हणाल्या. “पहले बड़ा शूटर बनना पड़ता, तब परमिशन मिलती. और बनने के लिए पिस्तौल चलना पड़ता.”

“हौ, ये तो फँस गए!”

मी विचारलं, “रेंजवर कधी जाता?”

“सकाळी, उजाडल्यावर. आणि हे उन्हाळ्यात कधी झालं नाही. थंडी पडल्यापासून सुरू झालंय.”

दुखण्याची इतकी नीट हकिकत मला क्वचितच कुणी सांगितली असेल. पिस्तूल मी रिकामं करून तिजोरीत ठेवलं आणि सकाळी दुकान लवकर उघडलं. एक्स्ट्रॅक्टर काढला. पुंगळीची कड पकडून तिला ओढून काढणारा हा छोटा आकडा. त्याच्या खाचेत लालसर, मेणासारखं काही थिजलं होतं. त्यानेच आकडा जाम झाला होता. गंज समजून मी तो थर खरवडला आणि तळहातावर घेतला. बघता बघता तो पातळ झाला. वास आला तो माझ्याच डोक्याचा. सकाळच्या थंडीत थिजणारं खोबरेल तेल! आणि त्यात कुंकू.

बाई आल्यावर मी हात पुढे केला. त्या बघतच राहिल्या.

“आई,” त्या हळूच म्हणाल्या. आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. “दसऱ्याला पाटावर मांडून पूजा करतात. मग तेलाचं बोट लावतात. म्हणतात, लोखंड कोरडं पडतं. मी नळी, स्लाइड सगळं पुसते हो. पण ही खाच...”

“ती घरी उघडता येत नाही. आता सासूबाईंना सांगा, तेलकुंकू बंद.”

“लायसन्सवर ते माझं आहे. आईंच्या लेखी अजून त्यांच्या मुलाचंच आहे. वर्षातून एकदाच हात लावतात त्याला. तेवढं मी बंद नाही करणार.”

“आणि पुन्हा अडकलं तर?”

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आणत जाईन. चालेल?”

रविवारी चांगलीच थंडी होती. पिस्तूल एकदाही अडलं नाही आणि बाई संघात निवडल्या गेल्या. हबीबभाईंनी अख्ख्या दुकानाला इराणी चहा पाजला.

नंतर दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाई यायच्या. मी खाच धुऊन द्यायचो. पुढे सासूबाई वारल्या. आता हे काम संपलं, असं मी धरून चाललो होतो. पण दसरा झाला आणि बाई आल्या. आकडा काढला, तर खाचेत ताजं कुंकू आणि तेल. मी वर पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी खाच धुऊन दिली.

बाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या. यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीने अवजारं मांडून बसलो होतो.

या धंद्यात येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: पिस्तूल उघडण्याआधी ते कुठल्या घरात राहतं, ते विचारा. आणि सापडलेला प्रत्येक दोष कायमचा काढायचा असतोच असं नाही. काही दोष दरवर्षी धुऊन द्यायचे असतात.