दिसला तर दाखवा

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक खोली आहे. खोली म्हणायचं आपलं. एक टेबल, एक स्टूल आणि स्टुलावर एक माणूस एवढं आत गेलं की दुसऱ्या माणसाने बाहेर उभं राहायचं. खिडकी नाही. दारावर हातभर लांबीची लाकडी पाटी, आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात तीनच शब्द: ‘दिसला तर दाखवा.’

नवखा माणूस ती पाटी वाचून हमखास थबकतो. काय दिसला तर? चोर की साप? मग तो वाकून आत बघतो, तर मांडीवर कोट पसरून एक बारीक चणीचा गृहस्थ बसलेला, आणि कोटापासून वीतभर वर लोंबणारा एक पिवळा बल्ब. ते आमचे रफूमास्तर. फाटलेल्या कापडात सुईने उभे-आडवे धागे विणून भोक असं बुजवायचं, की ते कुठे होतं हे मालकालाही सांगता येऊ नये. ‘रफू दिसला तर दाखवा’ असा त्या पाटीचा अर्थ. पस्तीस वर्षांत कोणी दाखवायला आलं नव्हतं.

मला ते ‘राजे’ म्हणतात. मी रंगभूमीवर बरेच राजे केले, एकदा राजाचं प्रेतही केलं, आणि त्या प्रेताला टाळ्या मिळाल्या होत्या असं मास्तर आल्यागेल्याला आवर्जून सांगतात. आमची ओळख एका खिळ्याने करून दिली. वीस वर्षांनी घरी परतलेल्या नवऱ्याची भूमिका होती. पहिल्या अंकात दारातून आत येताना नेपथ्यातल्या एका खिळ्याने माझा तपकिरी लोकरी कोट खांद्यापाशी टरकन फाडला. तो अंक मी प्रेक्षकांकडे एकच खांदा ठेवून काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी कोट घेऊन या जिन्याखाली आलो. त्याच संध्याकाळी प्रयोग होता. मास्तरांनी कोट उलटा केला, शिवणीत बोट घालून बघितलं आणि म्हणाले, “अंगचा धागा निघणार नाही. डब्यातला लावावा लागेल.”

तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. पुढे कळलं. कापडाच्या आतल्या शिवणीत थोडी जास्तीची पट्टी असेल, तर तिच्यातले धागे उसवून त्यांनीच भोक विणायचं. तो अंगचा धागा. त्याचा रंग चुकूच शकत नाही. पट्टी नसेल तर डबा उघडायचा. मास्तरांचा डबा म्हणजे सोळा कप्प्यांचा लाकडी खोका. एकट्या राखाडी रंगाचेच तीन कप्पे. बल्बाखाली कापडाशेजारी एकेक धागा धरायचा, मान तिरकी करायची, धागा परत ठेवायचा, दुसरा उचलायचा. मी नाटकात येण्यापूर्वी ज्या मुलींना बघायला गेलो होतो, त्यांच्याकडेही मी इतकं निरखून बघितलं नव्हतं. तासाभराने कोट तयार झाला. बल्बाखाली धरून मी बघत बसलो. खांदा अखंड होता. प्रयोगातही कोणाला काही दिसलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी कायदा झाला. घरांतले जुने, तारेचे बल्ब यापुढे कोणी बनवायचे नाहीत, विकायचे नाहीत. वीज कमी खाणारे नवे दिवे वापरायचे. आमच्या इमारतीत वीज कार्यालयातल्या एक बाई दोन पिशव्या घेऊन दारोदार फिरल्या. एका पिशवीत जुने बल्ब गोळा करायचे, दुसरीतून नवे द्यायचे. माझ्या घरी रंगभूषेचा जुना आरसा आहे, चौकटीत आठ बल्ब असलेला. बाईंनी सात काढले. आठव्यासाठी मी रदबदली केली. म्हटलं, “बाई, या एका उजेडात मी अजून साठीचा दिसतो.”

“विकायला बंदी आहे आजोबा, ठेवायला नाही,” त्या म्हणाल्या. “पण साठीचं काही खरं नाही. सत्तरीचे दिसता.”

मी अठ्ठ्याहत्तरचा. त्यांच्यावर माझी तेव्हापासून मर्जी आहे.

मास्तर बायकोसह वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात. वहिनींनी घरातले सगळे बल्ब हसत हसत देऊन टाकले. “विजेचं बिल बघा आता कसं खाली येतं ते,” म्हणाल्या, आणि आलंही. पण जिन्याखालचा बल्ब मास्तरांनी दिला नाही. त्यांचं म्हणणं, त्या बल्बाने बोटं ऊबदार राहतात. थंड बोटांना सुई कळत नाही. शिवाय टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात तसलेच पाच शिलकीत होते.

“अहो, कायदा झालाय,” वहिनी म्हणाल्या.

“अगं, कायदा घरांसाठी आहे. हे घर आहे का? इथे मांजरसुद्धा संसार करणार नाही.”

गेल्या वर्षीच्या थंडीत शेजारच्या शाळेतल्या गणिताच्या बाई राखाडी कोट घेऊन आल्या. कोट त्यांच्या यजमानांचा. ते पुढच्या रविवारी निवृत्त होणार, समारंभात तोच घालणार, आणि कोपरावर भोक. शिवणीत पट्टी नव्हती. मास्तरांनी डब्यातला धागा लावला. बाई कोट घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आल्या.

“पाटीवर लिहिलंय म्हणून आले,” त्या म्हणाल्या. भांडणाचा सूर नव्हता. गणित चुकलंय एवढंच सांगावं तसा होता. जिन्याजवळच्या नव्या दिव्याखाली त्यांनी कोट धरला आणि कोपरावर बोट ठेवलं. राखाडी कापडात रुपयाएवढा हिरवट डाग दिसत होता.

मास्तरांनाही दिसला. त्यांनी कोट घेतला, आत जाऊन बल्बाखाली धरला. डाग नाही. म्हणजे बाहेर, बाईंनी बोट ठेवल्यावर दिसला, आणि इथे, जिथे आपण आयुष्यभर काम केलं तिथे, आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी रफू उसवला, दुसऱ्या कप्प्यातला धागा घेतला, पुन्हा केला. बल्बाखाली निर्दोष. बाहेर आणला. आता डाग तांबूस होता.

दुसऱ्यांदा त्यांनी उसवलं नाही. कोट घडी करून ठेवला आणि पाटी काढून भिंतीला टेकवली, अक्षरं भिंतीकडे करून.

हे मला वहिनींनी सांगितलं. सकाळी दार वाजलं, तर त्या उभ्या. नेहमी आल्या की आधी माझ्या पसाऱ्यावर एखादा शेरा मारतात, त्या दिवशी मारला नाही. “भावजी, ह्यांनी पाटी काढली. डोळे गेले म्हणतात. डॉक्टरांकडे नेलं तर डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. हे म्हणाले, ‘वयाच्या मानाने’ म्हणजे काय ते मला कळतं. बाईंचा कोट परत देऊन दुकान बंद करणार आहेत. तुम्ही बोला जरा.”

मी खाली गेलो. मास्तर सुया कापडात टोचून गुंडाळी करत होते.

“राजे, झालं आपलं,” ते म्हणाले. “तुम्ही बरे, वेळेवर मंचावरून उतरलात.”

“मी उतरलो नाही, मला उतरवलं,” मी म्हटलं. “कोट बघू.”

बाहेरच्या दिव्याखाली कोट बघितला आणि माझ्या डोक्यात जुनी गोष्ट लख्ख झाली. आमच्या एका नाटकात माझा झगा हिरवागार होता. तालमीत सुंदर दिसायचा. पहिल्या प्रयोगात आमच्या दिवेवाल्याने लाल प्रकाश टाकला आणि झगा काळा ठिक्कर. लोकांना वाटलं, राजा सुतकात आहे. दिवेवाला शांतपणे म्हणाला होता, “कापडाला स्वतःचा रंग नसतो, मी देतो तो असतो.” हा धागाही मास्तरांच्या बल्बाखाली राखाडी होता, आणि दिवा बदलला म्हणून हिरवट झाला. मी हे मास्तरांना सांगितलं. झग्याचा रंग सांगताना हातवारे जरा जास्त झाले असतील.

मास्तरांनी ऐकून घेतलं. “माझं मन राखताय,” ते म्हणाले. “नाटकवाले तुम्ही. दिवा पस्तीस वर्षं दिवाच होता. तेव्हा नाही कोणी आलं ते?”

तेव्हा घराघरांत यांच्यासारखाच बल्ब होता, असं मी म्हटलं असतं. पण ते त्यांना नुसता युक्तिवाद वाटला असता. पुरावा माझ्याकडे होता. माझ्या ट्रंकेत, घडीत. आणि तो द्यायचा की नाही, याचा विचार करत मी तीन जिने चढलो.

कारण त्या तपकिरी कोटाचा रफू मला दिसत होता. पहिल्या दिवसापासून. प्रयोगाच्या दुसऱ्या सकाळी मी कोट घालून उन्हात बाहेर पडलो, तेव्हाच खांद्यावर थोडा जांभळट चौकोन दिसला होता. मी काही बोललो नाही. प्रयोग संध्याकाळचे, दिवे पिवळे, आणि मास्तर त्या पाटीखाली इतक्या समाधानाने बसलेले असायचे. दाखवावंसं वाटलं नाही. आता दाखवलं तर डोळे वाचणार होते, पण पस्तीस वर्षांची पाटी जाणार होती. न दाखवलं तर दोन्ही जाणार होतं.

दुपारी मी मास्तरांना वर बोलावलं. पलंगावर कोट काढून ठेवला होता.

“ओळखलंत?”

“तुमचा परतलेला नवरा,” ते म्हणाले. खांद्यावरून हात फिरवला. मी आरशाचा तो आठवा बल्ब लावला आणि कोट खाली धरला. मास्तरांनी मान तिरकी केली, चष्मा वर-खाली केला. “नाही दिसत. पण मला नाहीच दिसणार.”

मग मी बल्ब बंद करून खोलीतला नवा दिवा लावला. खांद्यावर तो चौकोन उमटला. मास्तरांनी कोट माझ्या हातातून घेतला आणि खिडकीपाशी नेला. उन्हातही चौकोन होताच. चौकोनाची कड त्यांनी नखाने चाचपली.

“हे काम केलं तेव्हा मी पस्तिशीचा होतो,” ते म्हणाले. “सुईत दोरा अंधारात ओवायचो.”

“म्हणजे डोळे नाहीत,” मी म्हटलं.

“डोळे नाहीत.” ते खुर्चीवर बसले. कोट मांडीवरच होता. “राजे, उन्हात तेव्हाही दिसायचा?”

“दिसायचा.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या सकाळपासून.”

“मग दाखवला का नाही? पाटी होती की.”

“तुमचं तोंड बघून नाही दाखवला,” मी म्हटलं. “चुकलं माझं.”

मी पाण्याचा पेला दिला, तो त्यांनी संपवला. मग कोटाची घडी घातली, अगदी शिवणीला शिवण लावून, आणि ती पलंगावर ठेवत म्हणाले, “आज काय वार?”

“गुरुवार.”

“बाईंचा रविवार आहे.”

त्या संध्याकाळी सोळा कप्प्यांचा खोका मास्तरांच्या वरच्या खोलीत गेला. मलाही बोलावणं आलं. कामाचा काही उपयोग नाही, पण माणूस हवा म्हणून. नव्या दिव्याखाली जमिनीवर पांढरी चादर अंथरून नवराबायको धागे निवडत होते. एका कप्प्यातून निघालेले राखाडी धागे बघता बघता चार ढिगांत वेगळे झाले. एक हिरवट, एक तांबूस, एक निळसर, आणि एक खरोखरच राखाडी.

“हे दोन वेगळे आहेत असं मी बारा वर्षांपूर्वी सांगितलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “लडी गॅलरीत वाळत घातल्या तेव्हा.”

“सांगितलं असशील.”

“तुम्ही म्हणालात, तुला रंगातलं काय कळतं.”

“म्हणालो असेन.”

“असेन नाही, म्हणालात. भावजी, तुम्ही साक्षीला.”

“मी तेव्हा दौऱ्यावर होतो,” मी म्हटलं. चाळीस वर्षांच्या संसारात साक्ष द्यायला जाण्याइतका मी भोळा नाही.

शनिवारी सकाळी मास्तरांनी खिडकीशी बसून रफू केला आणि संध्याकाळी नव्या दिव्याखाली तपासला. बाई आल्या. त्यांनी कोपर जिन्याच्या दिव्याखाली बघितलं, फाटकापाशी जाऊन मावळतीच्या उजेडात बघितलं, चष्मा बदलून बघितलं. मास्तर दारात उभे होते, हात मागे बांधून. प्रवेशाआधी विंगेत उभा असलेला नट तसाच दिसतो.

परत येऊन बाईंनी विचारलं, “डावं कोपर होतं का उजवं?”

मास्तरांनी खाली बघितलं. “डावं,” ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात वीज कार्यालयातल्या बाई फेरीवर आल्या, तेव्हा मास्तरांनी जिन्याखालचा बल्ब आणि खोक्यातले पाच त्यांच्या पिशवीत स्वतः ठेवले. बोटांसाठी वहिनींनी गरम पाण्याची पिशवी दिली आहे. मास्तर तिला मांजर म्हणतात. धागा निवडायला ते आता सकाळी वर खिडकीशी बसतात आणि शिवायला खाली येतात.

पाटीही परत लागली. दोन दिवस ती रंगवायला घेतली होती. जुने तीन शब्द तसेच आहेत, त्यांच्याखाली जरा लहान अक्षरांत एक शब्द वाढला आहे: ‘मागचेही.’

आतापर्यंत अकरा जण जुने कपडे घेऊन आले. वहिनी म्हणतात, यातल्या निम्म्यांना रफू दिसत नव्हता, पाटी वाचून ते घरी शोधत बसले. मास्तर प्रत्येकाचा कपडा खिडकीशी नेऊन बघतात आणि जो खरंच दिसतो तो उसवतात.

काल सकाळी माझं दार वाजलं. मास्तर होते, रिकामी पिशवी घेऊन.

“कोट द्या,” ते म्हणाले.

“राहू द्या हो,” मी म्हटलं. “मी कुठे घालतो आता? आणि कोण बघतंय?”

मास्तर आत आले, ट्रंकेसमोर बसले आणि कडी उघडायला लागले.

“पाटीवर लिहिलंय,” ते म्हणाले.