आप्पांनी कापलेली नळी

लघवीच्या दवाखान्यात वीस वर्षं कंपाउंडरकी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपसूक साचतात. कोल्हापुरात डॉक्टरांच्या हाताखाली मी लागलो नव्वद सालाच्या आसपास. बाकावर सगळे बाप्ये, निम्मे शुगरवाले, आणि पेपर तोंडापुढं धरून बसलेले. ओळखीचं कुणी बघू नये म्हणून! सगळ्यांचं सांगत बसलो तर आठवडा जाईल. एकट्या आप्पांचं सांगतो.

*

आप्पा गडहिंग्लजचे. कापडाचं दुकान, जुनी शुगर. बायकोनं ढकलून पाठवलं म्हणून आलेले. बाकावरच्यांना ऐकवत होते, "तुमी दर तासाला पळताय! मी सकाळी एकदा, दुकान बंद केल्यावर एकदा. मधी लागतच न्हाय की!"

बाकावरचे हेव्यानं बघत राहिले.

आत डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला. लघवीची पिशवी बेंबीपर्यंत फुगलेली. नळी घातली तर सव्वा लिटर निघालं!

"आप्पा, लागत न्हाय म्हणजे तब्येत चांगली न्हाय," डॉक्टर म्हणाले. "शुगरनं पिशवीच्या नसा मारल्यात. प्रोस्टेट काढली तरी तिच्यात जोर येणार न्हाय. नळी कायमची ठेवा, न्हायतर तुंबून तुंबून किडन्या जातील."

*

चौथ्या दिवशी आप्पा हजर. हातात दुकानाच्या कागदाची पुडी. उघडली तर आमचीच नळी! कापड कापायच्या कात्रीनं कापून ओढून काढलेली.

"ह्यो तुमचा माल परत," म्हणाले.

मी भडकलोच. "आप्पा, जीव नकोसा झालाय काय?"

त्यांनी शर्टात हात घालून गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. लिंगायत माणूस. रोज आंघोळ करून ते तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, त्याआधी चहासुद्धा नाही. म्हणाले, "मांडीला मुताची पिशवी बांधून हे हातात घिऊ? मेलो तरी चालंल."

"तुमच्या अय्यांना विचारा की," डॉक्टर म्हणाले. अय्या म्हणजे त्यांच्या घराण्याचे जंगम, गुरू.

"असलं अय्यांना विचारत्यात व्हय!"

माझ्या ओठांवर एक गोष्ट आली होती, पण एका पेशंटचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमचा नियम. त्या दिवशी त्या नियमाची चीड आली.

*

मग डॉक्टरांनी सांगितलं, निदान घड्याळ लावून दर तीन तासांनी जाऊन या, लागो न लागो. आप्पांनी गजराचं घड्याळ गल्ल्यावर ठेवलं. पण दुकानात सोय नाही, जायचं तर पार एसटी स्टँडवर.

पहिल्याच दिवशी लग्नाचा बस्ता चाललेला, दुकान माणसांनी भरलेलं, आणि गजर वाजला. नवरीच्या आजीनं विचारलं, "पावणं, कसला ओ गजर?"

"चहाचा!" आप्पा म्हणाले. सगळ्यांना चहा मागवला. स्वतः दोन कप प्यायले आणि जागचे हलले नाहीत. वर हे मलाच हसत सांगितलं!

*

दोन हजार सालानंतर व्हिटॅमिन डीची तपासणी सुरू झाली. आप्पांची हाडं दुखायची. तपासलं तर डी जवळजवळ नाहीच. उभा जन्म ट्यूबलाइटखाली! डॉक्टरांनी औषधाच्या पुड्या दिल्या, वर उन्हात बसायला सांगितलं. आप्पा बसले. कोट-टोपी घालून.

"ऊन तुम्हाला द्यायचंय, कोटाला न्हाय!" डॉक्टर ओरडले.

"ह्यानं लघवी सुटंल?"

"न्हाय. हाडं धरतील. लघवीचं औषध तुम्ही कापून टाकलंय."



*

किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, पाय सुजलेले, तरी नळी नकोच.

एका मंगळवारी आप्पा बाकावर बसलेले, आणि दारातून त्यांचे अय्या आत आले. आप्पांचा वार मंगळवार, म्हणून अय्यांना मी कायम गुरुवार द्यायचो, मुद्दाम. कुणी शिष्य भेटू नये म्हणून त्यांनीच हात जोडून तसं मागितलं होतं. त्या आठवड्यात गुरुवारी त्यांना कुठं लग्न लावायला जायचं होतं, म्हणून न कळवताच आले.

आप्पा कसेबसे उठले आणि रिवाजाप्रमाणे पायांवर डोकं ठेवायला वाकले. वाकले ते तसेच राहिले. अय्यांच्या भगव्या कफनीखाली पिशवी लोंबत होती, अर्धी भरलेली.

"कधीपास्नं, अय्या?"

"धा वर्षं झाली."

"आणि पूजा?"

"रोज करतोय की."

आप्पांनी त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं. मग भिंतीला धरून सरळ झाले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला ठावं होतं व्हय रं?"