बाळकुम ते कल्याण: पलटणीच्या दवाखान्यात भात शिजवायला

धाकटा भाऊ सदू कल्याणच्या तळावर तापाने पडलाय, असा निरोप आला तेव्हा आईने माझं मत विचारलं नाही, होडी ठरवायला सांगितली. सदूची पलटण लवकरच काबूलकडे निघणार होती. त्याआधी डॉक्टरांकडून त्याचं नाव कमी करून घ्यायचं आणि त्याला घरी आणायचं, हा तिचा बेत. मी शाळामास्तर, रजा टाकली आणि निघालो.

बाळकुमहून कल्याणला आगगाडीपेक्षा खाडी बरी. कितीही सामान न्या, कोणी हटकत नाही. भरती लागता लागता निघावं, म्हणजे नावाडी कुरकुरत नाहीत. आईने तांदूळ, कुळीथ, तूप, पातेली आणि चक्क जळाऊ लाकडं घेतली होती. लाकडं कल्याणात मिळतात म्हटलं, तर तिथे ओली गळ्यात मारतात म्हणे. कोपरच्या पुढे ऊन फार लागतं, डोक्याला फडकं हवंच.

बंदरावरून तळापर्यंत बैलगाडी मिळते, घासाघीस करावी लागते. दवाखाना म्हणजे तंबूंची रांग. सदू खाटेवर, गालफडं बसलेली. सोबतचा शिपाई त्याला भाताचं पांचट पाणी पाजत होता. पलटणीचे नेटिव डॉक्टर वसईकडचे, बोलायला मोकळे. त्यांनी तिथली रीत सांगितली. गोऱ्या शिपायांच्या इस्पितळात सरकारी स्वयंपाकी असतो. आपल्या शिपायाला तंबू आणि तापावरचं कोयनेल सरकारचं, जेवण मात्र ज्याचं त्याने बघायचं. जातपात सांभाळायची म्हणून कधीतरी हे सुरू झालं आणि तसंच राहिलं. कोणी रांधणारं नसलं की आजारी माणूस औषधावरच राहतो. ऐकून मला संताप आला. आईने तोवर झाडाखाली चूल मांडली होती.

आधी पेज, मग कुळथाचं कढण, मग तूप घालून मऊ भात. शेजारच्या खाटेवरचाही ताट पुढे करू लागला, तर त्यालाही वाढलं. दिवसागणिक सदूच्या तोंडावर तजेला येत गेला. आई खूश, मीही खूश. तिचा बेत आमच्या दोघांच्याही डोक्यातून गेला होता.

मग एका सकाळी गोरा सर्जन पाहणीला आला. त्याने सदूला उभं केलं, जीभ बघितली, चालायला लावलं. आई बघतेय म्हणून सदू छाती काढून चालला. साहेब "फिट" एवढा एकच शब्द बोलला आणि पुढच्या खाटेकडे वळला.

आईने नेटिव डॉक्टरांना गाठलं. "त्याचं नाव कमी करा ना, डॉक्टर. केवढा ताप होता त्याला."

ते जरा थांबले. "मावशी, पलटणीचा दवाखाना माणसाला बरा करतो तो पुन्हा रांगेत उभा करायला. तुम्ही आलात त्या दिवशी साहेबांनी बघितला असता, तर घरी धाडला असता."

आईने चूल विझवली. पातेली घासून तिने बोचकं बांधलं. पलटण निघाली तेव्हा सदूने आमच्याकडे बघून हात केला. मला रडू आवरलं नाही.

ओहोटीबरोबर परत आलो. कल्याणला जाणाऱ्यांनी बंदरावरची घासाघीस जरूर करावी. बाकी प्रवास सोपा आहे. सदूची अजून खबर नाही. परवा जेवताना मी आईला विचारलं, पुन्हा तसाच निरोप आला तर काय करशील?

तिने माझ्या पानात भात वाढला. "पोटभरच वाढीन रे," म्हणाली.